रतनबाईचा पाण्याचा कूलर

माणसानं माणसासारखं वागावं, एवढंच छबुबाईंचं म्हणणं होतं. आता समोरच्या घरातली रतनबाई घ्या. नात्यानं सख्खी धाकटी जाऊ. मध्ये फक्त गल्ली, गल्लीत नाली आणि नालीवर दोन्ही घरांनी अर्धी अर्धी टाकलेली फरशी. इतकं जवळचं माणूस. पण छबुबाई दिवेलागणीला तुळशीपाशी आल्या रे आल्या की रतनबाईच्या खिडकीतून उजेड निघायचा आणि थेट यांच्या तुळशीवर येऊन पडायचा. साधा उजेड असता तर छबुबाईंनी मोठ्या मनानं पदरात घेतला असता. हा उजेड निळा. हात जोडेपर्यंत जांभळा. डोळे उघडावेत तर तुळस लालभडक. शुभंकरोती हिरव्या तुळशीपुढं सुरू व्हायची आणि गुलाबी तुळशीपुढं संपायची. देवानं तरी कोणतं झाड समजून घ्यावं?

“खिडकीला पडदा लावायची रीत हाय का न्हाई या बाईला?” छबुबाई रोज विचारायच्या. विचारायच्या सुनेला, पण आवाज असा की उत्तर गल्लीपलीकडून यावं.

तो उजेड कम्प्युटरचा होता. रतनबाईनं नातवासाठी, विजूसाठी घेतलेला. पेटीची एक बाजू काचेची आणि आत फिरणारे रंगीत दिवे. विजू शिकायला पुण्यात, कम्प्युटर परळीत. आता ज्याचा कम्प्युटर तो पुण्यात आणि रोषणाई इथं, याला दिमाख म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

पण खरं सांगायचं तर उजेडाचं दुखणं वरवरचं होतं. आतलं दुखणं संस्कृतीचं होतं.

संस्कृती म्हणजे छबुबाईंची नात, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. हे नाव बद्रीनाथनं, म्हणजे छबुबाईंच्या मुलानं, साखर कारखान्याच्या ऑफिसात बसून मोठ्या विचारानं ठरवलं होतं. पोरीनं नावाचा मान ठेवला नाही. ती कम्प्युटरवर बंदुकीचा खेळ खेळायची. आणि अलीकडं ती घरी सापडेनाशी झाली होती. मंजुषा, म्हणजे सून, दारात येऊन “संस्कृती कुठं गेली?” असं ओरडली की गल्लीतली वयस्कर माणसं मान हलवून म्हणायची, “कवाच गेली.”

संस्कृती जायची रतनबाईकडं. दुपारी जायची ती दिवे लागल्यावर यायची. छबुबाईंनी तेही पोटात घातलं होतं. पण एक दिवस पोरगी घरी आली, ताटावर बसली, छबुबाईंच्या हातच्या धपाट्याचा तुकडा मोडला आणि सहज बोलून गेली, “रतन आजीची धपाटी लई मऊ असतात गं.”

छबुबाईंच्या हातातलं उलथनं तव्यावरच राहिलं. ज्या रतनबाईला लग्नानंतर पीठ कसं मळायचं ते छबुबाईंनी शिकवलं, तिची धपाटी मऊ! घरचीला म्हणं देवा देवा अन् बाहेरचीला चोळी शिवा!

“कावून जातीस गं तिकडं?” त्यांनी विचारलं. आवाज अगदी मवाळ. घरातल्यांना हा आवाज माहीत होता. मंजुषा पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेली.

“आपला कम्प्युटर अडकतो आजी. मी बंदूक उचलेपर्यंत समोरचा मला मारून जेवायला जातो.”

हे मात्र खरं होतं. घरचा कम्प्युटर संस्कृती शाळेत असताना अभ्यासासाठी घेतलेला. त्यावर मंजुषानं विणलेला क्रोशाचा रुमाल होता, रुमालावर गणपती होता. बटण दाबलं की आधी तो गिरणीसारखा घरघरायचा, मग थोडा वेळ विचार करायचा. विचार करून झाला की बंद पडायचा.

“मग हाच नीट करू,” छबुबाई म्हणाल्या. “आपल्या घरची लेक दुसऱ्याच्या उंबऱ्यावर न्हाई बसणार.”

बद्रीनाथ म्हणाला, “आई, नवा घ्यायचं आत्ता जमणार नाही. फार तर एखादा पार्ट बदलू.”

“बदल. पण असा बदल, की समोरून दिसला पायजे.”

कोणता पार्ट, हा प्रश्न मग गल्लीनं हातात घेतला. आपल्याकडं माणूस आजारी पडलं की शेजारी डॉक्टर होतात, तसं यंत्र आजारी पडलं की इंजिनिअर होतात. सगळ्यात आधी आले आसाराम काका. थर्मलमधून, म्हणजे परळीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. साधा बल्ब बदलायला सांगितला तरी ते आधी सगळ्या महाराष्ट्राच्या विजेचा विचार करायचे.

“वैनी,” कम्प्युटरभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, “आधी भार बघा. आमी थर्मलात संच चालू करायचो तर आधी भार बघायचो.”

“भावजी, पोरीला खेळायचंय. गावाला लाइट द्यायची न्हाई.”

“तेच म्हणतो मी. अवाढव्य पार्ट घेऊ नका.”

त्या क्षणी छबुबाईंचं ठरलं, की अवाढव्यच घ्यायचा.

स्टेशन रोडला मुनव्वरचं कम्प्युटरचं दुकान. रतनबाईचा कम्प्युटरही त्यानंच जोडून दिलेला. बद्रीनाथला कारखान्यातून सुट्टी नव्हती, म्हणून आजी आणि नात दोघीच गेल्या. दुकानात शिरताना संस्कृतीनं विनवलं, “आजी, तू फक्त बस. बोलू नको.”

छबुबाई बसल्या. मुनव्वरनं चहा मागवला. संस्कृतीनं काय हवं ते नीट सांगितलं. मुनव्वरनं दोन वस्तू काढून काचेवर ठेवल्या. एक हिरवी पातळ पट्टी आणि एक बिस्किटाएवढी काळी डबी.

“जुन्या बोर्डला हे दोन्ही चालतील,” तो म्हणाला. “मशीन पळायला लागेल, ताई.”

संस्कृतीचा चेहरा खुलला. छबुबाईंनी मात्र ती पट्टी भाजीवालीकडची गवार मोडून बघावी तशी दोन बोटांत धरली.

“हे बसवल्यावर कुठं दिसंल?”

“दिसणार नाही मावशी. आत असतं.”

“दिवा लागतो का?”

“नाही.”

“मग त्याला कोण विचारतं?” छबुबाईंनी पट्टी परत ठेवली. “समोर काय दिलंस ते सांग.”

मुनव्वर धंद्याला जागणारा माणूस. “मावशी, एका घराची गोष्ट मी दुसऱ्या घरात सांगत नाही,” असं म्हणून त्यानं हात जोडले. पण ते जोडता जोडता त्याची नजर वरच्या फळीकडं गेली. छबुबाईंची नजर त्याच्या मागोमाग गेली. फळीवर एक खोकं होतं. त्यावर डोळ्यांतून जाळ काढणाऱ्या राक्षसाचं चित्र.

“ते काय हाय?”

“ग्राफिक कार्ड.”

छबुबाईंच्या माहितीतली सगळी कार्डं पाकिटात बसायची. रेशनचं, आधारचं, दवाखान्याचं. हे कार्ड खोक्यातून निघालं तेव्हा विटेएवढं होतं. तीन पंखे आणि कडेला रंगीत दिव्यांची पट्टी.

“रतनबाईकडं हेच हाय?”

“त्यांच्याकडं... जरा लहान आहे,” मुनव्वर म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

“बांध,” छबुबाई म्हणाल्या.

“आजी, आपल्या पेटीत हे मावणार नाही,” संस्कृती रडवेली झाली. “आणि आपलं मशीन एवढं जुनं, याला काम तरी काय देणार ते?”

“काम देऊ नको. बसू दे नुसतं. तुझ्या आजोबांच्या तालेवार भावकीतलं कोण काम करत व्हतं? नुसतं बसायचे. पण बैठकीला शोभा यायची.”

मुनव्वर घरी येऊन कार्ड बसवून गेला. बसवलं म्हणजे काय, पेटीचं एका बाजूचं झाकण कायमचं काढून ठेवलं, आणि ते कार्ड लग्नाच्या पंगतीत कोपर बाहेर काढून जेवायला बसलेल्या पाहुण्यासारखं अर्धं बाहेर राहिलं. दिवे मात्र लागले. त्या संध्याकाळी छबुबाईंनी टेबल ओढून खिडकीशी आणलं, तोंड रतनबाईच्या घराकडं केलं, आणि तुळशीपाशी उभ्या राहून पाहिलं. तुळशीच्या एका अंगाला रतनबाईचा जांभळा पडत होता, दुसऱ्या अंगाला आपला हिरवा. छबुबाईंनी त्या दिवशी नमस्कार जरा जास्त वेळ केला.

संस्कृती घरीच खेळायला बसली. छबुबाई शेजारी धपाट्याचं ताट घेऊन बसल्या. पाव तासात कम्प्युटर तापला, किंचाळला आणि बंद पडला.

“गरम होतोय,” पोरगी म्हणाली. “ह्याला कूलर लागेल. रतन आजीकडच्याला पाण्याचा कूलर आहे.”

आता इथं थोडं थांबून सांगायला हवं, की परळीत कूलर म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. पत्र्याची माणूसभर उंच पेटी, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी आणि समोर गरगरणारा पंखा. मे महिन्यात तो नसेल तर माणूस उकडून निघतो. असा कूलर छबुबाईंच्या दिवाणखान्यात होता, आणि तो रतनबाईच्या कूलरपेक्षा हातभर मोठा होता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

“एवढंच व्हय?” छबुबाई म्हणाल्या. “मग आधी सांगायचं ना, माय.”

“आजी, तो कूलर नाही गं. तो बारका असतो, आत—”

“बारका तिचा असंल.”

दुसऱ्या दिवशी पोरगी कॉलेजातून येईपर्यंत छबुबाईंनी दोन माणसं लावून कूलर खिडकीत बसवला. पाठ बाहेर, तोंड कम्प्युटरकडं. टाकीत पाणी भरलं, जाळ्या भिजवल्या आणि बटण दाबलं. कम्प्युटर, कूलर आणि फ्रिज असे तिघं एकदम चालू झाले. फ्यूज उडाला. गल्लीत सगळीकडं लाइट आणि एकट्या छबुबाईंच्या घरात अंधार. दारातून रतनबाईच्या खिडकीत पंखा फिरताना दिसत होता. दुसऱ्याचा पंखा असा फिरताना बघण्याएवढं वाईट दृश्य नाही.

आसाराम काका जणू फ्यूजच्या तारेला बांधलेलेच होते. लगेच आले. “मी म्हणलतो भार बघा. लोड वाढवून घ्या मीटरचा. अर्ज द्यावा लागंल.”

छबुबाई दुसऱ्या दिवशी स्वतः लाइटीच्या ऑफिसात गेल्या. खिडकीत बसलेल्या साहेबानं बिलाकडं पाहिलं.

“मीटर कोणाच्या नावावर आहे?”

“आमच्या मामंजींच्या.”

“त्यांना घेऊन या.”

“मी आणते, पण तुमी भिऊ नका. बारा वर्षं झाली त्यांना जाऊन.”

साहेबानं पहिल्यांदा मान वर केली. “वारस?”

“दोन ल्योक व्हते. ते बी गेले. आता आमी दोघी सुना.”

“मग दुसऱ्या सूनबाईंची सही आणा. माझी काही हरकत नाही, असं लिहून.”

“साहेब,” छबुबाई म्हणाल्या, “माझ्या श्वास घेण्याला बी तिची हरकत असती.”

अर्ज घडी करून त्यांनी पिशवीत टाकला आणि घरी आल्या. रतनबाईच्या दारात सही मागायला जायचं? त्यापेक्षा कंदील लावीन, पण जाणार नाही. मग आसाराम काकांनीच तोड काढली. घरातल्या घरात लोडशेडिंग. संस्कृती खेळायला बसली की फ्रिज बंद, मिक्सर बंद, पंखे बंद. परळीची वीज बाहेरगावी जाते म्हणून लोक हळहळतात; छबुबाईंच्या घरातली वीज आता कम्प्युटरला जाऊ लागली. दूध नासलं. बद्रीनाथ बनियनवर पुठ्ठ्यानं वारा घेत बसू लागला. मंजुषानं कणिक मळताना एकदा घाम पुसला आणि म्हणाली, “आत्याबाई, कूलरपुढं मी जरा बसू का?”

“त्याला लागू दे आधी,” छबुबाई म्हणाल्या. “तो तापतो.”

कूलरचा सगळा गारवा त्या उघड्या पेटीवर. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत कम्प्युटर महाबळेश्वरला बसला होता. चालायचाही. संस्कृती ओल्या वाऱ्यात केस चिकटवून खेळायची, छबुबाई ताट घेऊन शेजारी. “कशी झालीत?” “छान झालीत.” “मऊ?” “हो आजी, मऊ.” पोरगी पडद्यावरची नजर न हलवता सांगायची. तेवढं छबुबाईंना पुरायचं. रविवारी नांदेडच्या पोरांबरोबर मोठी मॅच होती, संस्कृती टोळीची कॅप्टन होती, आणि ती मॅच याच घरातून, याच खिडकीतून होणार होती.

फक्त एक गोष्ट छबुबाई विसरल्या. परळीत राहून ती विसरणं म्हणजे समुद्रात राहून मीठ विसरणं. राख. सकाळी खिडकीची फळी पुसावी आणि दुपारी तिच्यावर बोटानं नाव लिहावं, अशी थर्मलच्या धुराड्यातली राख. उन्हाळ्याच्या वावटळीत तर विचारू नका. खिडकीतला कूलर पाठीमागून ती राख ओढत होता, पाण्यात भिजवत होता आणि पुढच्या पंख्यानं उघड्या पेटीत फेकत होता. राख आणि पाणी एकत्र आलं की काय होतं, ते परळीच्या वाटेवरच्या कोणत्याही वीटभट्टीवाल्याला विचारा.

शुक्रवारी कम्प्युटरनं एक उचकी दिली आणि गेला.

मुनव्वर आला. त्यानं पेटी आडवी केली, पेचकसानं आत टोचलं. टोच बसेना. शेवटी त्यानं हातोडी मागितली. कम्प्युटरच्या माणसानं हातोडी मागितली तेव्हाच छबुबाई काय ते समजल्या. एक ठोका पडला आणि राखाडी रंगाचा चौकोनी ठोकळा फरशीवर पडला. फुटला नाही.

मुनव्वरनं तो उचलून उन्हात धरला. त्याच्या एका अंगाला तीन पंख्यांचे ठसे उमटले होते.

“मावशी, कसम से,” तो हळहळून म्हणाला, “एवढी पक्की वीट भट्टीवाले पण पाडत नाहीत. कार्ड गेलं. बोर्ड पण गेला.”

आसाराम काकांनी वीट हातात घेऊन वजन बघितलं आणि ती बांधकामाला चालेल असं मत दिलं.

छबुबाईंना वाटलं, आता पोरगी आरडाओरडा करेल. केला असता तर बरं झालं असतं. ओरड्याला उत्तर देता येतं. पोरीनं नुसतं खेळायचं कानाचं यंत्र, म्हणजे हेडफोन, गळ्यात अडकवलं, चपला घातल्या आणि गल्ली ओलांडून गेली. रतनबाईचं दार वाजलं. उघडलं. लागलं.

दोन दिवस छबुबाई कूलर काढलेल्या खिडकीत बसून होत्या. त्यांना समोरच्या खिडकीतलं सगळं दिसायचं. पोरीची पाठ दिसायची. शेजारच्या खुर्चीवर रतनबाई दिसायची. मध्येच रतनबाई हसायची, पोरीच्या पाठीवर थाप मारायची. ती थाप छबुबाईंना गल्लीच्या अलीकडं लागायची.

रविवारी दुपारी त्यांनी धपाट्यांचा डबा भरला आणि पिशवीतून तो अर्ज काढला. मी काही पोरीसाठी चालले नाही, सरकारी काम आहे, असं मंजुषाला दोनदा सांगून त्या निघाल्या.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत गेल्या तर मॅच ऐन रंगात, कुणाचं लक्ष नाही. पडद्यावर पडकी घरं, धूर, आणि संस्कृतीची बोटं नुसती नाचत होती. रतनबाई खुर्चीच्या टोकावर, पदर कमरेला खोचलेला.

“रतन,” छबुबाई म्हणाल्या, “सही पायजे.”

“थांबा अक्का,” रतनबाई मागं न बघता म्हणाली. “आपली दोघंच जिती राहिलीत.”

आयुष्यात रतनबाईनं छबुबाईंना थांबवलं नव्हतं. त्या अपमानानं त्या थांबल्याच. त्यांनी काचेच्या पेटीत डोकावून पाहिलं. आत पाणी नव्हतं, जाळी नव्हती. बोटाएवढ्या जाड दोन नळ्या होत्या. एवढाच तो पाण्याचा कूलर. यापायी आपलं दूध नासलं.

“हा घेतलास तरी कावून एवढा?” त्यांनी विचारलं. “पोरगं पुण्यात, आन् हितं आरास!”

रतनबाईनं आता मान वळवली. “विजू सुट्टीला घरी यावा म्हणून घेतला, अक्का. दिवाळीला आला, मग न्हाई आला. मी रोज लावून ठिवते. बंद पेटी बघितली की घर खायला उठतं. मग संस्कृती यायला लागली.” ती पुढं म्हणाली, “तुमच्या घरी पहिल्यांदा कम्प्युटर आलता, तवा माझा विजू तुमच्यातनं हलत नव्हता. तुमच्या हातची धपाटी घरी येऊन सांगायचा. तवा मी बी अशीच खिडकीत बसायची.”

छबुबाईंनी डबा उघडला आणि हाताला लागला तो कागद पसरून त्यावर धपाटी ठेवली. तो अर्ज होता. तेलाचा डाग बरोबर सहीच्या जागेवर उमटला.

“खा,” त्या म्हणाल्या. “मऊ हायेत का बघ.”

रतनबाईनं तुकडा मोडला, तेवढ्यात छबुबाईंची नजर पडद्यावर गेली. पन्नास वर्षं ज्या बाईनं गल्लीतल्या कोणत्या खिडकीत कोण उभं आहे हे न चुकता ओळखलं, तिची नजर ती.

“संस्कृते! डाव्या हाताची पडकी खिडकी! पडद्याआड मेलं एक उभं हाय!”

“कुठं? मला नाही—”

“अगं पडदा हलला! वारा न्हाई आन् पडदा हलतो का कुठं? हाण!”

पोरगी वळली, हाणलं. खिडकीतून कोणीतरी आडवं खाली पडलं. कानाच्या यंत्रातून पोरांचा असा ओरडा झाला की तो खोलीभर ऐकू आला. संस्कृतीनं पहिल्यांदा मागं वळून पाहिलं.

“आजी! तू आलीस? अजून तिघं आहेत, जाऊ नको. माझ्या शेजारी बस, तुला सगळं दिसतं!”

छबुबाईंनी पदर कमरेला खोचला. खोलीत इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बसायला दुसरं काही नव्हतं. पोरीच्या शेजारी खुर्ची एकच, आणि तिच्यात धपाटं खात रतनबाई.

“रतन,” छबुबाई मोठ्यानं म्हणाल्या, गल्लीपलीकडं मंजुषाला ऐकू जाईल अशा आवाजात, “तुझ्यात कवाच रीत नव्हती आन् आजबी न्हाई. आपल्या दोघींची एक नात, तिच्याशेजारी एक खुर्ची, आन् तिच्यात तू एकटी ऐसपैस बसलीस. सरक.”